माटोळीची चौकट बदलताना

फ्रेमवर्क म्हणजे काय, हे गोव्यातल्या माणसाला समजावून सांगायला माटोळीइतके सोपे उदाहरण नाही. चवथीला गणपतीच्या वर लाकडी चौकट टांगतात. नारळ, सुपारीचे घोस, तोरिंजन, आंबाडे, रानातली फळे हे सगळे त्या चौकटीला बांधले जाते. कोणत्या घरात काय बांधायचे ते घर ठरवते, चौकट मात्र दरवर्षी नव्याने करावी लागत नाही. सॉफ्टवेअरमधल्या फ्रेमवर्कचेही तसेच आहे. लॉगिन, परवानग्या, डेटा साठवणे, छपाई, ईमेल या गोष्टी प्रत्येक प्रोग्रामला लागतात. त्या तयार मिळतात, आणि आपण फक्त आपल्या धंद्यापुरते बांधकाम करायचे असते.

अशी एक चौकट आपल्या शेजारी, मुंबईत तयार झाली आहे. तिचे नाव फ्रॅपे. ऋषभ मेहता यांनी २००८ साली मुंबईत कंपनी सुरू केली तेव्हा तिचे नाव वेब नोट्स टेक्नॉलॉजीज होते. हिशेब, साठा, खरेदी-विक्री सांभाळणारे ईआरपीनेक्स्ट हे त्यांचे सॉफ्टवेअर आज जगभर वापरले जाते, आणि ते ज्याच्यावर उभे आहे ते फ्रॅपे फ्रेमवर्क. पायथॉन आणि जावास्क्रिप्ट या भाषांत लिहिलेले हे दोन्ही प्रकल्प मुक्तस्रोत आहेत. म्हणजे त्यांचा संपूर्ण कोड कोणीही उघडून वाचू शकतो, बदलू शकतो आणि परवाना शुल्क न भरता वापरू शकतो.

यातली मूळ कल्पना ‘डॉकटाईप’ ही. समजा तुये किंवा डिचोलीच्या औद्योगिक वसाहतीतल्या एखाद्या लहान कारखान्याला ट्रकच्या फेऱ्यांची नोंद ठेवायची आहे. तारीख, गाडी क्रमांक, चालक, माल, वजन एवढे रकाने पडद्यावर ठरवले, की डेटाबेसमधला तक्ता, माहिती भरायचा फॉर्म, यादी, कोणाला काय दिसावे याच्या परवानग्या आणि दुसऱ्या प्रोग्रामशी बोलण्याची सोय हे सगळे फ्रेमवर्क स्वतः तयार करते. रकान्यांची नावे मराठीतून हवी असतील तर त्या भाषांतराची नोंदही तिथेच करता येते.

नव्या आवृत्त्यांनी काय दिले

२०२२ साली १४ वी आणि २०२३ मध्ये १५ वी आवृत्ती आली. नवी आवृत्ती म्हटली की आपण नवी बटणे शोधतो. १५ व्या आवृत्तीचे रूप नवे आहेच, पण मला त्यातले महत्त्वाचे बदल वेगळे वाटतात.

पहिला बदल सुटसुटीतपणाचा. पूर्वी ईआरपीनेक्स्टमध्ये पगारपत्रकापासून शाळा, दवाखाना, शेतीपर्यंत सगळे एकत्र होते. १४ व्या आवृत्तीत हे विभाग वेगळ्या ॲपमध्ये हलवले. ज्याला जे हवे तेच त्याने बसवायचे. जीएसटीचे कामही ‘इंडिया कंप्लायन्स’ या स्वतंत्र ॲपकडे गेले. आपल्याकडे जीएसटीचे नियम वारंवार बदलतात. आता नियम बदलला तर त्या ॲपचा अद्ययावत भाग घेता येतो, सगळे घर हलवावे लागत नाही.

दुसरा बदल सुरक्षेचा. ‘सर्व्हर स्क्रिप्ट’ नावाची एक सोय आहे. ॲडमिनने ब्राउझरमध्येच चार ओळी लिहायच्या, की त्या थेट सर्व्हरवर चालतात. सोय चांगली, पण ॲडमिनचा पासवर्ड भलत्याच्या हाती गेला तर त्यालाही तेच करता येईल. म्हणून १५ व्या आवृत्तीत ही सोय मुळात बंद ठेवली आहे. ज्याला हवी त्याने सर्व्हरवर जाऊन मुद्दाम चालू करायची. आवृत्ती बदलल्यावर ‘आमचे अमुक काम अचानक बंद पडले’ अशी तक्रार आली, तर आधी इथे पाहावे.

तिसरा बदल प्रोग्रामरसाठी. डॉकटाईपमध्ये रकाना ठरवला की त्याचा प्रकार, म्हणजे आकडा, मजकूर की तारीख, पायथॉनच्या कोडमध्ये आपोआप लिहिला जातो. त्यामुळे कोड लिहिताना एडिटर रकान्याचे नाव सुचवतो आणि आकड्याच्या जागी मजकूर टाकला तर लगेच खूण करतो. नव्याने शिकणाऱ्याला याचा फार आधार होतो.

चौथा बदल वेळेचा. शेकडो ओळींचे बिल किंवा साठ्याची नोंद अंतिम करताना पडदा अडकून राहतो. आता असे मोठे काम पाठीमागच्या रांगेत टाकता येते आणि आपल्याला पुढचे काम करता येते.

पाचवा बदल हिशेबाच्या विश्वासाचा. अंतिम केलेले बिल फ्रॅपेमध्ये परस्पर खोडता येत नाही. ते रद्द करून दुरुस्त प्रत काढावी लागते. १५ व्या आवृत्तीत अशा प्रती शेजारी शेजारी ठेवून नेमके काय बदलले ते पाहता येते. १ एप्रिल २०२३ पासून कंपनी कायद्याखालील कंपन्यांना, त्या हिशेब संगणकावर ठेवत असतील तर, प्रत्येक बदलाची नोंद ठेवणारे आणि ती नोंद बंद न करता येणारे सॉफ्टवेअर वापरणे बंधनकारक आहे. तेव्हा हा विषय फक्त प्रोग्रामरचा राहिलेला नाही, लहान प्रायव्हेट लिमिटेड कंपनीच्या मालकाचाही आहे.

अडचण कुठे येते

माटोळीची फळे दोरीने बांधलेली असली, तर चौकट बदलताना ती सोडवून नव्या चौकटीला बांधता येतात. कोणी खिळे ठोकून बसवली असतील तर चौकटीबरोबर फळेही जातील. सॉफ्टवेअरमध्ये हे खिळे सर्रास ठोकले जातात. गिऱ्हाइकाला बिलात एक जादा रकाना हवा असतो, वेळ कमी असतो, आणि कोणीतरी मूळ ईआरपीनेक्स्टच्या फाइलमध्येच बदल करून मोकळा होतो. वर्षभर सगळे ठीक चालते. मग नवी आवृत्ती घेताना तो बदल आडवा येतो किंवा पुसला जातो. करणारा माणूस तोवर पुण्याला नाहीतर दुबईला गेलेला असतो. मालक घाबरतो आणि जुन्याच आवृत्तीवर राहतो. पण प्रत्येक आवृत्तीला सुरक्षेच्या दुरुस्त्या ठरावीक काळापर्यंतच मिळतात. त्यानंतर गिऱ्हाइकांची नावे, उधारी, कामगारांचे पगार ही सगळी माहिती उघड्या दारात ठेवल्यासारखीच.

उपाय फ्रेमवर्कमध्येच आहे. आपले बदल आपल्या वेगळ्या ॲपमध्ये ठेवायचे आणि ‘हुक्स’ नावाच्या फाइलमधून ते मूळ प्रणालीला जोडायचे. सुरुवातीला यात दोन दिवस जास्त जातात. पुढच्या प्रत्येक आवृत्तीला ते दिवस वसूल होतात.

प्रत्यक्ष आवृत्ती बदलताना ही पथ्ये पाळावीत:

- डेटाबेस आणि जोडलेल्या फाइली, दोन्हींचा बॅकअप घ्यावा. आवृत्ती बदलताना डेटाबेसची रचनाच बदलते, त्यामुळे मागे फिरायची भरवशाची वाट तेवढीच.
- तो बॅकअप दुसऱ्या संगणकावर उतरवून तालीम तिथे करावी.
- १३ वरून थेट १५ वर उडी मारू नये. आधी १४, मग १५.
- जुनी दहा-बारा बिले, साठा आणि ताळेबंद दोन्हीकडे जुळतात का ते हिशेबनिसाला पाहायला सांगावे.
- मार्चअखेर आणि चवथीच्या खरेदीचे दिवस टाळावेत.

आपल्या मुलांसाठी

डिचोली तालुक्याने २०१२ आणि २०१८ मध्ये खाणी बंद पडताना पाहिल्या. ट्रकच्या हप्त्यांवर चाललेली घरे तेव्हा कशी अडचणीत आली, ते वेगळे सांगायला नको. पेडण्यात मोपाचा विमानतळ आला, तरी शिकलेल्या मुलाला गावात राहून कोणते काम करता येईल हा प्रश्न घराघरांत आहेच. सगळ्यांना पुरेल असे उत्तर माझ्याकडे नाही. पण लहान कारखाने, काजूवाले, हॉटेले, सहकारी संस्था यांचे हिशेब संगणकावर आणणे आणि वर्षानुवर्षे नीट चालू ठेवणे, हे घरी बसून करता येण्यासारखे काम आहे. ते टिकते, कारण सॉफ्टवेअर बसवणारे पुष्कळ भेटतात, सांभाळणारे कमी.

इंजिनिअरिंगच्या दुसऱ्या-तिसऱ्या वर्षात असलेल्या मुला-मुलींनी एक करून पाहावे. ‘फ्रॅपे स्कूल’वर शिकण्याचे धडे आहेत. ते पाहत आपल्या गावच्या वाचनालयासाठी पुस्तकांच्या देवघेवीचे एक छोटे ॲप बनवावे. आधी ते १४ व्या आवृत्तीवर चालवावे, त्यात पाच-पन्नास नोंदी टाकाव्यात, आणि मग तेच १५ वर न्यावे. पहिले काम कोणताही धडा पाहून जमेल. दुसऱ्या कामात जे अडेल आणि ज्या चुका सोडवाव्या लागतील, त्या लिहून ठेवा. मुलाखतीत सांगण्यासारखे तेच असेल, आणि पहिले गिऱ्हाईक भेटेल तेव्हा उपयोगी पडणारेही तेच.