शेजाऱ्यांचं भांडण : गोष्टी आणि सिनेमे काय सांगतात?



शेजार म्हटला की आपल्याला दोन्ही गोष्टी आठवतात. अडीअडचणीला पहिली धावून येते ती शेजारीण. विरजण तिच्याकडून येतं, बाळंतपणात रात्री उठते तीच. आणि ‘आपलं ठेवायचं झाकून, दुसऱ्याचं पाहायचं वाकून’ ही म्हणही शेजारावरूनच पडली. सावडीला एकमेकींच्या शेतात राबणाऱ्या दोघी एके दिवशी पागोळीच्या पाण्यावरून नाहीतर कोंबड्यांवरून बोलेनाशा होतात, आणि मग दोन्ही घरांची पोरंसुद्धा एका अंगणात खेळत नाहीत.

असं का होतं, याचा विचार लेखकांनी आणि सिनेमा काढणाऱ्यांनी खूप केला आहे. आज त्यातल्या चार गोष्टी सांगते. दोन परदेशातल्या आहेत, दोन आपल्याकडच्या. चारही वेगवेगळ्या काळातल्या, पण ऐकताना तुम्हाला आपलीच गल्ली दिसेल.

पहिली गोष्ट बांधाची. कॅनडा देशात नॉर्मन मॅकलरेन नावाच्या माणसाने १९५२ साली एक छोटासा सिनेमा काढला. नाव ‘नेबर्स’, म्हणजे शेजारी. जेमतेम आठ मिनिटांचा. त्यात कोणी एक शब्द बोलत नाही, त्यामुळे तो कुठल्याही भाषेच्या माणसाला कळतो. दोन शेजारी आपापल्या घरापुढे खुर्ची टाकून सुखाने पेपर वाचत बसलेले असतात. दोघांच्या हद्दीवर एक फूल उगवतं. आधी दोघेही त्याचा वास घेऊन हरखतात. मग प्रश्न येतो, फूल कोणाचं? कुंपण पडतं, ढकलाढकली होते, मारामारी होते. एकमेकांची घरं मोडतात, बायकामुलांवरही हात टाकला जातो. शेवटी दोघेही मरतात. आणि ज्याच्यासाठी हे सगळं झालं ते फूल? ते त्यांच्याच पायाखाली केव्हाच चिरडलेलं असतं. या सिनेमाला ऑस्कर पुरस्कार मिळाला. बांधाच्या वीतभर जमिनीवरून वर्षानुवर्षं चाललेली भांडणं ज्यांनी पाहिली आहेत, त्यांना याचा अर्थ वेगळा सांगायला नको.

दुसरी गोष्ट शब्दाची. निकोलाय गोगोल हा रशियन भाषेत लिहिणारा मोठा लेखक. त्याने १८३० नंतरच्या काही वर्षांत एक विनोदी गोष्ट लिहिली. मिरगोरद नावाच्या गावात (ते आज युक्रेन देशात आहे) दोन इव्हान शेजारी राहतात. इतके जिवलग, की साऱ्या गावाला त्यांचं कौतुक. एका इव्हानला दुसऱ्याची जुनी बंदूक आवडते. बदल्यात तो डुकरीण आणि दोन पोती ओट धान्य देऊ करतो. दुसरा नाही म्हणतो. बोलण्याने बोलणं वाढतं आणि तो पहिल्याला ‘हंस’ म्हणतो. त्यांच्याकडे हंस म्हणजे आपल्यासारखा सरस्वतीचा नव्हे, तर नुसता कलकलाट करणारा खुराड्यातला पक्षी. झालं! एका शब्दावरून मैत्री तुटते. मग घरात आलेली एक बाई कान भरते. मुद्दाम शेजाऱ्याच्या बाजूला हंसांचं खुराडं बांधलं जातं. पहिला इव्हान रात्री जाऊन ते करवतीने पाडतो. प्रकरण कोर्टात जातं. गंमत म्हणजे पहिल्याची डुकरीण कोर्टात शिरून दुसऱ्याचा अर्जच पळवते!

पुढे गावातले लोक दोघांना एका मेजवानीत समोरासमोर आणतात. समेट अगदी होत आलेला असतो. तेवढ्यात दुसरा इव्हान समजावण्याच्या सुरात म्हणतो की, मी तुला ‘हंस’ म्हणालो एवढ्यावरूनच ना तू रागावलास? तोच शब्द, तोही चारचौघांत. पुन्हा सगळं मुसळ केरात. कित्येक वर्षांनी दोघे म्हातारे झालेले दिसतात आणि प्रत्येक जण म्हणत असतो, उद्या निकाल माझ्याच बाजूने लागणार. गोष्ट हसवत हसवत संपते, पण शेवटी मन उदास होतं. समेट करताना जुना शब्द उकरून काढायचा नाही, एवढी एक गोष्ट जरी यातून घेतली तरी पुष्कळ आहे.

तिसरी गोष्ट तिसऱ्या माणसाची. हा आपला मराठी सिनेमा, ‘शेजारी’. पुण्याच्या प्रभात कंपनीचा, व्ही. शांताराम यांनी १९४१ साली काढलेला. कथा विश्राम बेडेकरांची. गावात एक हिंदू आणि एक मुसलमान, असे दोन म्हातारे शेजारी. दोन घरं, पण एकच कुटुंब असावं असे राहणारे. गावात धरण बांधायला एक पैसेवाला माणूस येतो. गावाची एकी त्याच्या आड येते, म्हणून तो या दोन घरांत संशय पेरतो. दोन्ही मित्र दुरावतात. अखेरीस धरण फुटतं तेव्हा ते पुन्हा एकत्र येतात, पण तेव्हा उशीर झालेला असतो. हातात हात धरूनच दोघांचा अंत होतो. हाच सिनेमा हिंदीत ‘पडोसी’ नावाने आला. त्यात हिंदू म्हाताऱ्याचं काम मजहर खान या मुसलमान नटाने केलं आणि मुसलमान मिर्झाचं काम गजानन जागीरदारांनी. ‘दोघांचं भांडण, तिसऱ्याचा लाभ’ ही म्हण आपण पोरांना सांगतो. भांडण पेटलं की आपणही विचारावं, यात लाभ कोणाचा होतोय?

चौथी गोष्ट मला सगळ्यांत मोलाची वाटते. प्रेमचंदांची ‘पंच परमेश्वर’, १९१६ सालची. जुम्मन शेख आणि अलगू चौधरी यांची पक्की दोस्ती. शेती भागीत. जुम्मनची एक म्हातारी मावशी असते. सांभाळण्याच्या बोलीवर तो तिची मिळकत आपल्या नावावर करून घेतो आणि मग तिचे हाल सुरू होतात. भाकरीबरोबर टोमणेही वाढले जातात. वाकलेल्या कमरेची ती म्हातारी काठी टेकत गावभर फिरते आणि पंचायत बोलावते. अलगू म्हणतो, येईन, पण तोंड उघडणार नाही, जुम्मन माझा मित्र आहे. त्यावर ती त्याला विचारते, मैत्री बिघडेल म्हणून तू खरं बोलणार नाहीस का?

आणि त्याच अलगूला ती पंच नेमते. तो मित्राच्या विरुद्ध निकाल देतो. मैत्री तुटते. पुढे अलगूचा एक बैल मरतो, जुम्मनवर विषाचा संशय येतो, त्यावरून दोघांच्या बायकाही एकमेकींशी भांडतात. उरलेला बैल अलगू एका व्यापाऱ्याला उधारीवर विकतो. तो बैलाला राबवून मारतो आणि पैसे द्यायला नकार देतो. पुन्हा पंचायत बसते, आणि आता पंच असतो जुम्मन. उट्टं काढायची नामी संधी. पण त्या जागेवर बसल्यावर त्याला जबाबदारी कळते. तो अलगूच्या बाजूने खरा निकाल देतो आणि दोघे गळ्यात पडतात.

मैत्रिणींनो, ही गोष्ट थेट आपल्या गटाशी येऊन भिडते. दोन सभासद शेजारणी बोलेनाशा झाल्या, की बाकीच्या म्हणतात, आपण कशाला मध्ये पडायचं? भिडेपोटी सगळ्या गप्प राहतात. मग एक बैठकीला येत नाही, दुसरीचा हप्ता थकतो, गट दोन तुकड्यांत बसू लागतो. गप्प राहून गोडी टिकत नाही, ती आतून आंबते. अशा वेळी दोघींना मान्य असलेली एखादी थोरली बाई हवी. तिने एकीला भेटून आली की दुसरीलाही भेटावं, इकडचं तिकडे करू नये आणि मूळ प्रश्न काय तो धरून ठेवावा.

सगळं मात्र बोलून सुटत नाही. हद्दीचा वाद असेल तर तालुक्याच्या भूमी अभिलेख कार्यालयात अर्ज करून सरकारी मोजणी करून घ्या. कोर्टाची वेळ आली तर १९८७ च्या विधी सेवा कायद्याने बाईला वकिलाची मदत मोफत मिळते, तिचं उत्पन्न कितीही असो. त्यासाठी तालुका विधी सेवा समितीत जायचं. आणि मारहाण, बाईची छेड किंवा जातीवरून अपमान हा समेटाचा विषयच नाही. तिथे ११२ ला फोन लावायचा आणि गटाने तिच्या पाठीशी उभं राहायचं.

येत्या बैठकीत एक करा. शिकत्या मुलीकडून ‘पंच परमेश्वर’ मोठ्याने वाचून घ्या. मराठीत मिळाली नाही तर हिंदीतली वाचा, भाषा सोपी आहे. मग तीन प्रश्नांवर बोला. आपल्या गावातल्या भांडणात ते ‘फूल’ कोणतं? कोणता शब्द अजून सलतोय? आणि मावशीने तुम्हाला पंच नेमलं असतं, तर तुम्ही काय निकाल दिला असता?

उत्तरं आम्हाला जरूर कळवा.