समजून घ्या : पिकअपमध्ये तीन घोडे मावतात, मग न्यायची मुभा दोनचीच का?

वजन, जागा आणि लायसन्स : घोडा गाडीत चढवण्याआधी तपासायच्या तीन मर्यादा

मार्गशीर्ष लागला की नंदुरबार जिल्ह्यातल्या सारंगखेड्याकडे जाणाऱ्या रस्त्यांवर घोड्यांच्या गाड्या दिसायला लागतात. दत्तजयंतीला तापीकाठी भरणाऱ्या एकमुखी दत्ताच्या यात्रेतला घोडेबाजार देशभर प्रसिद्ध आहे. राजस्थान, गुजरात, पंजाबपासून घोडे इथं येतात. अकलूजचा घोडेबाजार आणि नांदेड जिल्ह्यातली माळेगावची खंडोबाची यात्रा याही अशाच. शिवाय लग्नाच्या वरातीचे घोडे आणि बैलगाडा शर्यतीत पुढे धावणाऱ्या घोड्या वर्षभर या गावाहून त्या गावाला नेल्या जातात.

यातली बरीचशी वाहतूक पिकअप किंवा टेम्पोतून होते. भाडं ठरवताना पहिला प्रश्न असतो, ‘गाडीत किती बसतील?’ उत्तर बहुतेक वेळा अंदाजानं दिलं जातं. कायद्यानं मात्र इथं तीन वेगवेगळ्या मर्यादा घातल्या आहेत : गाडीनं किती किलो वाहायचे, प्रत्येक घोड्याला किती जागा द्यायची आणि ती गाडी कोणी चालवायची. तिन्हींपैकी एकही मोडली तर प्रवास बेकायदा ठरतो. अपघात झाला तर सगळ्यात महागात पडतं ते गाडीमालकाला आणि घोड्याला.

गाडीची वजनमर्यादा कशी काढायची?

गाडीच्या आरसीवर दोन आकडे असतात. एक अनलेडन वेट, म्हणजे रिकाम्या गाडीचं वजन. दुसरा ग्रॉस व्हेइकल वेट, म्हणजे गाडी आणि तिच्यातला सगळा भार मिळून मंजूर झालेलं कमाल वजन. या दोन्हींतला फरक म्हणजे गाडीत टाकता येणारा भार. ड्रायव्हरचं वजनही याच भारात मोजायचं.

समजा, पिकअपचं ग्रॉस वेट ३,४९० किलो आणि रिकामं वजन १,७९० किलो आहे. म्हणजे भार झाला १,७०० किलो. घोडा ४०० किलोचा धरला तर १,७०० भागिले ४०० म्हणजे चार घोडे, असा हिशेब अनेक जण करतात. पण त्यात ड्रायव्हर आणि मोतद्दार धरलेले नसतात. त्या दोघांचे १५० किलो, चारा-पाण्याचे १५० किलो आणि नंतर बसवलेल्या लोखंडी कप्प्यांचे नि रबरी मॅटचे २०० किलो धरा. उरले १,२०० किलो. म्हणजे तीनच घोडे, आणि तेही मर्यादेला अगदी टेकून.

घोड्याचं वजन किती, हे कसं कळणार?

प्रत्येक गावात जनावरं मोजण्याचा काटा नसतो. अशा वेळी टेप पुरते. पुढच्या पायांच्या लगेच मागून छातीचा घेर सेंटीमीटरमध्ये मोजा. मग खांद्याच्या टोकापासून पुठ्ठ्याच्या टोकापर्यंतची लांबी मोजा. घेर गुणिले घेर गुणिले लांबी, आणि त्याला ११,८८० नं भागा. घेर १७० आणि लांबी १५० सेंटीमीटर असेल तर उत्तर येतं साधारण ३६५ किलो. हा अंदाज आहे, पण नुसत्या नजरेच्या अंदाजापेक्षा बरा.

नेमका आकडा हवा असेल तर महामार्गालगतच्या वजनकाट्यावर गाडी आधी रिकामी आणि मग घोड्यांसह घाला. ती पावती जवळ ठेवा.

वजनात तीन बसतात, मग दोनच का?

कारण दुसरी मर्यादा जागेची आहे. केंद्रीय मोटार वाहन नियमांतला नियम १२५-ई हा जनावरं वाहणाऱ्या गाड्यांसाठी आहे. १ जानेवारी २०१६ पासून अशा गाडीच्या हौद्यात कायमस्वरूपी कप्पे असणं बंधनकारक आहे आणि एका कप्प्यात एकच जनावर ठेवायचं आहे. गाय-म्हशीसाठी कप्पा किमान २ चौरस मीटरचा हवा, तर घोडा किंवा घोडीसाठी २.२५ चौरस मीटरचा, म्हणजे साधारण सव्वाचोवीस चौरस फुटांचा.

आता मोठ्या पिकअपचा हौदा घ्या. लांबी १० फूट, रुंदी साडेपाच फूट. क्षेत्रफळ ५५ चौरस फूट. दोन घोड्यांना साडेअठ्ठेचाळीस चौरस फूट लागतात, तीन घोड्यांना जवळपास ७३. म्हणजे वजनाच्या हिशेबात तीन बसले तरी जागेच्या हिशेबात दोनच. १७ फूट लांब आणि ७ फूट रुंद हौद्याच्या ट्रकमध्ये हाच हिशेब चार घोड्यांवर थांबतो.

त्यापेक्षा मोठा ट्रक असला तरी हवे तितके घोडे भरता येत नाहीत. प्राण्यांच्या वाहतुकीचे १९७८ चे नियम एका गाडीत चार ते सहापेक्षा जास्त घोडे नेऊ देत नाहीत. वजन, जागा आणि ही संख्या, यांतला जो आकडा सगळ्यात लहान तोच तुमचा आकडा.

लायसन्स कोणतं लागतं?

इथं सगळ्यात जास्त गोंधळ होता. पिकअप हे मालवाहू, म्हणजे ‘ट्रान्सपोर्ट’ वाहन. मग साधं एलएमव्ही लायसन्स पुरेल की त्यावर ट्रान्सपोर्टचा वेगळा शेरा लागेल? विमा कंपन्या वेगळ्या शेऱ्याचा आग्रह धरून भरपाईची जबाबदारी नाकारायच्या. सर्वोच्च न्यायालयाच्या पाच न्यायमूर्तींच्या घटनापीठानं ६ नोव्हेंबर २०२४ रोजी ‘बजाज अलायन्झ विरुद्ध रंभा देवी’ या प्रकरणात यावर पडदा टाकला. ग्रॉस वेट ७,५०० किलोंपर्यंत असलेलं मालवाहू वाहन एलएमव्ही लायसन्सवर चालवता येतं, वेगळा शेरा लागत नाही, असा हा निकाल आहे.

मात्र एक गोष्ट लक्षात ठेवायला हवी. इथं मोजतात ते आरसीवरचं मंजूर ग्रॉस वेट, त्या दिवशी गाडीत असलेलं वजन नाही. ९,००० किलो ग्रॉस वेटच्या ट्रकमध्ये एकच घोडा असला, किंवा ट्रक रिकामा परत येत असला, तरी एलएमव्ही लायसन्स चालत नाही. ७,५०० किलोंच्या वरच्या मालवाहू गाडीला ट्रान्सपोर्ट वाहनाचंच लायसन्स लागतं. त्यासाठी वय किमान २० वर्षं हवं आणि हलक्या वाहनाचं लायसन्स किमान एक वर्ष आधी मिळालेलं हवं.

गाडीसाठीही वेगळी परवानगी लागते?

हो. नियम १२५-ई नुसार जनावरं वाहण्यासाठी बदल केलेल्या गाडीला आरटीओ खास परवाना देतं. ड्रायव्हरचं लायसन्स आणि गाडीचा हा परवाना या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. गावातल्या फॅब्रिकेशनच्या दुकानात कप्पे वेल्डिंग करून घेतले आणि गाडी रस्त्यावर काढली, इतकं पुरत नाही. गाडीच्या मूळ रचनेत बदल करायचा तर मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ चेही नियम लागू होतात. अशा गाडीत घोड्यांसोबत दुसरा माल भरायलाही मनाई आहे.

जीपला मागे ट्रेलर जोडला तर?

परदेशी व्हिडिओंत मोटारीमागे जोडलेला दोन घोड्यांचा छोटा ट्रेलर दिसतो. ब्रिटनमध्ये १६ डिसेंबर २०२१ पासून साध्या कार लायसन्सवर ३,५०० किलोंपर्यंतचा ट्रेलर ओढता येतो. त्याआधी, १ जानेवारी १९९७ किंवा त्यानंतर कार लायसन्स मिळालेल्यांना मोठ्या ट्रेलरसाठी वेगळी परीक्षा द्यावी लागायची. पण तिथंही लायसन्स ही एकच अट नाही. ती मोटार किती वजन ओढू शकते हे उत्पादकानं ठरवलेलं असतं आणि ती मर्यादा कमी असेल तर तीच लागू होते.

आपल्याकडे ट्रेलर हे स्वतंत्र वाहन समजलं जातं आणि त्याची वेगळी नोंदणी लागते. ट्रॅक्टरची ट्रॉली हाही ट्रेलरच. पण शेतीसाठी नोंदवलेल्या ट्रॉलीतून भाड्यानं घोडे नेणं हा शेतीचा वापर नाही. विम्याच्या दाव्यात पहिला प्रश्न यावरच येतो.

नियम मोडला तर काय होतं?

मंजूर वजनापेक्षा जास्त भार असेल तर कलम १९४ नुसार २०,००० रुपये आणि वर प्रत्येक जादा टनामागे २,००० रुपये दंड आहे. जादा भार उतरवल्याशिवाय गाडी पुढे जाऊ देत नाहीत. सिमेंटच्या गोण्या रस्त्याकडेला उतरवता येतात. पण रात्री महामार्गाच्या कडेला बुजलेला घोडा उतरवणं ही नवी आपत्ती. वजन करायला गाडी थांबवली नाही तर दंड ४०,००० रुपये. योग्य लायसन्स नसलेल्या ड्रायव्हरला ५,००० रुपये आणि त्याच्या हातात गाडी देणाऱ्या मालकालाही तेवढाच.

खरी झळ अपघातानंतर बसते. ड्रायव्हरचं लायसन्स वैध नसेल तर न्यायालय विमा कंपनीला जखमीची भरपाई द्यायला लावून ती रक्कम गाडीमालकाकडून वसूल करायची मुभा देऊ शकतं. मालाच्या मालकाला किंवा त्यानं नेमलेल्या माणसाला कायद्यानं विम्याचं संरक्षण आहे. यात्रेला निघालो म्हणून हौद्यात बसवलेल्या मित्रमंडळींना ते गृहीत धरता येत नाही.

या आकड्यांशेजारी आणखी एक आकडा ठेवून पाहा. जनावराची त्रासदायक वाहतूक केल्याबद्दल १९६० च्या प्राणी क्रूरता प्रतिबंधक कायद्यात पहिल्या गुन्ह्याला दंड आहे १० ते ५० रुपये. म्हणजे घोड्याला प्रत्यक्षात वाचवतात ते वजनाचे नि जागेचे नियमच.

ताशी ३५ किलोमीटर कशासाठी?

१९७८ च्या नियमांनुसार घोडे असलेली गाडी ताशी ३५ किलोमीटरपेक्षा वेगानं चालवायची नाही. म्हणजे ३०० किलोमीटरला साडेआठ तास, थांबे वेगळे. अनेकांना ही अट कालबाह्य वाटते, पण तिच्यामागे भौतिकशास्त्र आहे. वेग ३५ वरून ६० केला की ब्रेकला जिरवावी लागणारी ऊर्जा जवळपास तिप्पट होते. त्याच वळणावर बाहेर फेकणारं बलही तितकंच वाढतं. गोणी जागेवर राहते, घोडा मात्र तोल सावरायला सरकतो. त्याचं वजन उंचावर, चार पायांवर तोललेलं असतं आणि त्यातलं साधारण ६० टक्के पुढच्या दोन पायांवर. दोन घोडे एकाच वेळी एका बाजूला झुकले तर ८०० किलोंचा भार क्षणात सरकतो. कप्पे हवेत ते यासाठी.

बाकीच्या अटीही याच धर्तीच्या आहेत. तळ घसरडा नको, मागचा फाळका भक्कम हवा, बाजूंना गादी हवी. घोड्यांची तोंडं डावीकडे हवीत, म्हणजे शेजारून जाणाऱ्या गाड्यांना ते बुजत नाहीत. साडेपाच फूट रुंदीच्या पिकअपमध्ये घोडा पूर्ण आडवा उभा राहू शकत नाही, त्यामुळे लांबच्या प्रवासाला रुंद हौद्याचा ट्रकच सोयीचा.

निघण्याआधी हे तपासा

– आरसीवरचं ग्रॉस वेट आणि रिकामं वजन. कप्पे बसवल्यानंतरचं वजन वेगळं करून घ्या.
– हौद्याची लांबी-रुंदी मोजून २.२५ चौरस मीटरनं भाग. आलेला पूर्णांक म्हणजे घोड्यांची कमाल संख्या.
– ड्रायव्हरचं लायसन्स, गाडीचा खास परवाना, फिटनेस, विमा. ग्रॉस वेट ३,००० किलोंपेक्षा जास्त असेल तर परमिटही.
– पशुवैद्यकाचा दाखला : घोडा प्रवासाला तंदुरुस्त आहे आणि त्याला संसर्गजन्य रोग नाही. ग्लँडर्स हा रोग घोड्याकडून माणसालाही होऊ शकतो, त्यामुळे हा दाखला नुसता उपचार नाही.
– आजारी, लंगडणारा किंवा अशक्त घोडा, नुकतंच जन्मलेलं शिंगरू, विण्याच्या बेतात असलेली किंवा गेल्या ७२ तासांत व्यालेली घोडी नेऊ नये.
– सोबत एक मोतद्दार, पुरेसा चारा-पाणी, प्रथमोपचार पेटी आणि चढ-उतारासाठी रॅम्प.

तिसरा घोडा त्याच फेरीत नेला की भाडं वाचतं, हे खरं. पण वजनकाट्याची पावती आणि टेपनं मोजलेला हौदा हातात असेल, तर गाडी भरण्याआधीच नाही म्हणता येतं. ते रस्त्यात, पोलिसांसमोर किंवा दवाखान्यात कळण्यापेक्षा दुसरी फेरी स्वस्त पडते.