बदलीवाला आणि वर्गणीची वही

मुंबईच्या गिरण्यांत कायम कामगार गैरहजर राहिला, की त्याच्या साच्यावर बदलीवाला उभा राही. गूगलने २०१४ साली जाहीर केलेली कुबर्नेटीस ही व्यवस्था अनेक संगणकांकडून याच न्यायाने काम करवून घेते. प्रोग्राम त्याच्या सामानासकट कंटेनरात बांधून 'पॉड' म्हणून कामावर लावायचा. एक पडला, दुसरा उभा करायचा. कोण गेला, कोण आला, याची विचारपूस नाही.

पोस्टग्रेससारख्या डेटाबेसला मात्र हा न्याय लावता येत नाही. आम्ही संघटनेतली माणसे वर्गणीच्या वहीला जपतो. लिहिणाऱ्याबरोबर वहीही गेली, तर सभासदांना तोंड कसे दाखवावे?

म्हणून २०१६ साली 'स्टेटफुलसेट' आला. आरंभी त्याचे नाव 'पेटसेट' होते. यात पॉडला कायमचा नंबर मिळतो आणि साठवणीची स्वतःची जागाही. पॉड पडून पुन्हा उठला, तरी नंबर तोच आणि जागाही तीच. अर्थात ती जागा एकाच यंत्राच्या डिस्कवर असेल, तर यंत्राबरोबर तीही गेली!

पुष्कळांची फसगत होते ती पुढेच. तीन पॉड मागितले, की तीन कोऱ्या वह्या मिळतात. एकीतले दुसरीत उतरविणे हे पोस्टग्रेसच्या रेप्लिकेशनचे काम, आणि मुख्य पॉड पडल्यास त्याच्या जागी कोणी यावे हे ठरवायला 'ऑपरेटर' नावाचा मुकादम निराळा नेमावा लागतो. शिवाय चुकून खोडलेली ओळ सर्व प्रतींतून खोडली जाते. तेव्हा बॅकअप क्लस्टरबाहेर हवाच, आणि तो अधूनमधून परत भरून पाहिलेला हवा. एवढा राबता ठेवणारे माणूस ज्या लहान संघटनेपाशी नाही, तिने डेटाबेस एका साध्या संगणकावर ठेवावा, असे आम्ही म्हणू.