कॉलिन ब्लाइथ : एका व्यावसायिक काउंटी क्रिकेटपटूची कारकीर्द

विसाव्या शतकाच्या प्रारंभीच्या इंग्लिश काउंटी क्रिकेटचा विचार करताना त्यातील हौशी आणि व्यावसायिक या वर्गभेदाकडे दुर्लक्ष करता येत नाही. हौशी खेळाडू सामान्यतः सधन घरातला. संघाचे नेतृत्व बहुधा त्याच्याकडेच असे. व्यावसायिक खेळाडू मात्र मैदानावरचा वेतनभोगी कामगार होता. दोघांचे कपडे बदलण्याचे कक्षही अनेक ठिकाणी वेगळे असत. हा भेद अधिकृतपणे संपुष्टात यावयास १९६२ साल उजाडावे लागले. केंट परगण्याचा डावखुरा फिरकी गोलंदाज कॉलिन ब्लाइथ याची कारकीर्द या व्यवस्थेच्या चौकटीतच समजून घ्यावी लागते.

ब्लाइथचा जन्म ३० मे १८७९ रोजी लंडनच्या डेप्टफर्ड या कष्टकरी वस्तीच्या भागात झाला. वूलिच येथील शस्त्रास्त्र कारखान्यात तो उमेदवारी करीत होता. १८९७ मध्ये ब्लॅकहीथच्या मैदानावर सामना पाहावयास गेला असता त्याला सरावासाठी गोलंदाजी करण्याची संधी मिळाली आणि केंटचे प्रशिक्षक कॅप्टन मॅकॅनलिस यांच्या नजरेत तो भरला. त्याच वर्षी टनब्रिज येथे केंटने तरुण व्यावसायिकांसाठी प्रशिक्षण केंद्र सुरू केले होते. ब्लाइथ त्या केंद्रात घडला. १८९९ मध्ये यॉर्कशायरविरुद्ध पदार्पण करताना पहिल्याच चेंडूवर त्याने बळी मिळविला.

त्याच्या गोलंदाजीचे मर्म चेंडूला दिलेल्या उंचीत आणि वेगातील सूक्ष्म फरकात होते. त्या काळी खेळपट्ट्या पावसात उघड्या राहत. ओली खेळपट्टी उन्हाने वाळू लागली, की चेंडू अनपेक्षितपणे वळे आणि उसळे. १ जून १९०७ रोजी नॉर्थॅम्प्टन येथे त्याने एकाच दिवसात ४८ धावांत १७ बळी घेतले. नॉर्थॅम्प्टनशायरचे दोन डाव ६० आणि ३९ धावांत आटोपले. या पराक्रमाचे श्रेय केवळ खेळपट्टीला देणे मात्र अन्यायाचे ठरेल. केंटने १९०६, १९०९, १९१० आणि १९१३ मध्ये काउंटी अजिंक्यपद जिंकले, त्यात ब्लाइथचा वाटा सातत्याचा होता. १९०९ च्या मोसमात त्याने २१५ बळी घेतले.

एवढे असूनही त्याच्या वाट्याला अवघे १९ कसोटी सामने आले. त्यांतही त्याने १०० बळी मिळविले. १९०७ मध्ये लीड्स येथे दक्षिण आफ्रिकेविरुद्ध ९९ धावांत १५ बळी घेऊन त्याने इंग्लंडला ५३ धावांनी विजय मिळवून दिला. १९०९ च्या एजबॅस्टन कसोटीत ऑस्ट्रेलियाचे वीसही बळी त्याने आणि जॉर्ज हर्स्टने वाटून घेतले. पुढील कसोटीत मात्र ब्लाइथ नव्हता. त्याला अपस्माराचा विकार होता आणि मोठ्या सामन्यांचा ताण त्याला सोसत नसे. त्याच्या मर्यादित कसोटी सहभागाचे कारण म्हणून हा आजारच सहसा सांगितला जातो. ते स्पष्टीकरण अपुरे वाटते. यॉर्कशायरचा विल्फ्रेड ऱ्होड्स हाही त्याच शैलीचा डावखुरा गोलंदाज होता, शिवाय उत्तम फलंदाज. निवडकर्त्यांना दोघांपैकी एकाची निवड करताना ऱ्होड्स अधिक सोयीचा ठरे.

मैदानाबाहेर ब्लाइथ व्हायोलिनवादनात रमणारा, मितभाषी गृहस्थ होता. प्रथम श्रेणीच्या सामन्यांत त्याने १६.८१ च्या सरासरीने २,५०३ बळी घेतले. १९१४ च्या अखेरच्या मोसमातही त्याचे १७० बळी होते. म्हणजे त्याची कला ओसरली नव्हती. त्याच वर्षी महायुद्ध सुरू झाले आणि अपस्मार असतानाही तो सैन्यात दाखल झाला. ८ नोव्हेंबर १९१७ रोजी बेल्जियममधील पॅशेंडेलजवळ, लष्करी रेल्वेमार्गाच्या कामावर असताना, तोफगोळ्याच्या स्फोटात त्याचा मृत्यू झाला. त्या वेळी तो ३८ वर्षांचा होता. ईप्रजवळच्या ऑक्सफर्ड रोड दफनभूमीत त्याची कबर आहे. २००९ मध्ये इंग्लंडच्या संघाने तेथे जाऊन दगडात घडविलेला एक क्रिकेटचा चेंडू त्या कबरीवर ठेवला.