चढा ‘डाऊन’वर, उतरा ‘अप’ने!

अप म्हणजे वर, डाऊन म्हणजे खाली. पहिलीतलं पोरही सांगेल! पण थांबा, हे दोघे एक नंबरचे चकवेबाज आहेत.

इंग्रजीत गाडी ‘स्लो अप’ करा नाहीतर ‘स्लो डाऊन’, वेग कमीच होणार. ट्रेकला येतोस का, असं मित्राने विचारलं तर ‘आय ॲम अप फॉर इट’ म्हणा की ‘आय ॲम डाऊन फॉर इट’, सॅक भरायला घ्या! पण ‘ब्रेक’ लागला की दोघांच्या वाटा वेगळ्या. ‘ब्रेकअप’ होतं प्रेमाचं, ‘ब्रेकडाऊन’ होते एसटी.

व्याकरणात तर दोघे पक्के ऑलराउंडर. ‘गो अप’मध्ये क्रियाविशेषण, ‘अप द हिल’मध्ये प्रीपोझिशन, ‘अप ट्रेन’मध्ये विशेषण, ‘अप्स अँड डाऊन्स’मध्ये चक्क नाम. दुकानदाराने ‘अप्ड द प्राइस’ केलं की क्रियापद! ग्लासभर लस्सी एका दमात संपवली? तुम्ही ती ‘डाऊन’ केलीत.

आता सगळ्यात भारी किस्सा. माहीत आहे का, ‘डाऊन’च्या पोटात डोंगर दडलाय? जुन्या इंग्रजीत ‘डून’ म्हणजे टेकडी. ‘टेकडीवरून’ या अर्थाचा शब्दप्रयोग झिजत झिजत नुसता ‘डाऊन’ उरला आणि अर्थ झाला ‘खाली’. टेकड्यांनी मात्र आपलं नाव सोडलं नाही. दक्षिण इंग्लंडमधल्या साउथ डाऊन्स या टेकड्याच आहेत. तिथल्या डिचलिंग बीकनची उंची 248 मीटर. म्हणजे ‘डाऊन’वर जायला धापा टाकत चढायचं!

रेल्वेची तऱ्हा आणखी न्यारी. ब्रिटनमध्ये लंडनकडे जाते ती ‘अप’, लंडनहून सुटते ती ‘डाऊन’. स्कॉटलंडमधल्या एडिनबराहून लंडनला निघालेली गाडी नकाशावर सरळ खाली येते, तरी ती ‘अप’च. मान राजधानीचा!

तोच रिवाज मुंबईत रुळला. दादरला उभं राहून बघा. ठाण्याची लोकल नकाशावर वर निघालेली, पण ती ‘डाऊन’. सीएसएमटीची गाडी दक्षिणेला उतरते, ती ‘अप’. आणि आपण मराठी माणसांनी तर दोघांचं लग्नच लावून दिलं: ‘कर्जतहून रोज अप-डाऊन करतो!’ दोन शब्दांत अख्खी नोकरी.

क्रिकेटमध्ये ‘वन डाऊन’ कोण? एक विकेट पडल्यावर येणारा तिसऱ्या नंबरचा बॅट्समन. एकेकाळी राहुल द्रविडची हक्काची जागा!

एक गैरसमज मात्र आजच पुसून टाका. डाऊन सिंड्रोममधला ‘डाऊन’ खाली-वरचा नाहीच. ते आडनाव आहे. जॉन लँगडन डाऊन या ब्रिटिश डॉक्टरने 1866 मध्ये या स्थितीचं वर्णन लिहिलं होतं. मुळाशी आहे एकविसाव्या गुणसूत्राची तिसरी प्रत, म्हणूनच जागतिक डाऊन सिंड्रोम दिवस तिसऱ्या महिन्यातल्या 21 तारखेला असतो. ही स्थिती असलेल्या व्यक्तींना कमी लेखणारं त्या नावात काहीही नाही.

आणि माहीत आहे का, तुम्ही स्वतःसुद्धा अप-डाऊनचेच बनलेले आहात? अणूच्या केंद्रातल्या प्रोटॉनमध्ये क्वार्क नावाचे सूक्ष्म कण असतात: दोन ‘अप’ आणि एक ‘डाऊन’, न्यूट्रॉनमध्ये एक ‘अप’ आणि दोन ‘डाऊन’. या जोडीत वजनदार कोण? डाऊन!