मुंगी नव्हे, हा भुंगेरा!

येडशीच्या रामलिंग घाट अभयारण्यासारख्या पानझडी जंगलात पावसाळ्यात पाचोळ्याचा खालचा थर ओला, बुरशीचा असतो. 'सेलाफिनी' गटातले भुंगेरे शोधावेत ते अशाच पाचोळ्यात. लांबी साधारण 1 ते 3 मिलिमीटर, म्हणजे मोहरीच्या दाण्याएवढी!

ओळखायचं कसं?

🔸 रंग बहुधा तांबूस-तपकिरी, त्यामुळे आधी मुंगीच वाटते. पण मुंगीसारखी बारीक कंबर नसते.
🔸 पाठीवरचं पंखांचं कवच आखूड, मागचं पोट उघडं.
🔸 बहुतेकांच्या मिशा टोकाला गदेसारख्या जाड.

स्प्रिंगटेल आणि माइट हे पाचोळ्यातले बारीक जीव या भुंगेऱ्यांचं भक्ष्य. काही जाती तर मुंग्यांच्या वारुळातच राहतात.

गट भिंगाखाली कळतो, पण नेमकी जात ठरवायला बहुतेकदा सूक्ष्मदर्शकाखाली नराचं जननांग तपासावं लागतं. म्हणून नुसत्या फोटोवरून जातीचं नाव देऊ नका.

अभयारण्यातून परवानगीशिवाय काहीही उचलू नका. आपल्या बांधावरच्या आंब्याखालचा ओला पाचोळा चाळणीतून पांढऱ्या कापडावर चाळा आणि दोन मिनिटं शांत बघत राहा. कापडावरचे ठिपके चालू लागतील!