जलनेति : आधीं पाण्याची शुद्धि, मग नाकाची

पावसाळा सरतां सरतां आमच्या बदलापूर गांवांत पडसें, खोकला व शिंका यांचा सुकाळ होतो. उल्हास नदीच्या कांठची दमट हवा आणि पाऊस ओसरल्यावर उडणारी धूळ, या दोहोंचा मार प्रथम नाकावरच बसतो. अशा वेळीं घरांत कोणीतरी जलनेतीचें नांव काढतें. क्रिया उपयुक्त आहे, यांत शंका नाहीं. परंतु ती आपली व जुनी म्हणून सर्वथा निर्धोक, हा समज मात्र तपासून पाहण्यासारखा आहे.

पंधराव्या शतकांतील हठयोगप्रदीपिकेंत स्वात्मारामानें धौति, बस्ति, नेति, त्राटक, नौलि व कपालभाति अशीं षट्कर्में सांगितलीं आहेत. त्यांतील नेति सूत्राची; वीतभर स्निग्ध दोरा नाकांतून घालून मुखावाटे काढावयाचा. नाकानें पाणी घेऊन मुखानें सोडण्याची क्रिया घेरंडसंहितेंत येते, पण ती कपालभातीचा एक प्रकार म्हणून. तोटीच्या पात्रानें एका नाकपुडींतून पाणी घालून दुसरींतून सोडण्याची आजची रीत या दोहोंहून सौम्य आहे. शिवाय मेद व कफ अधिक असणारांनींच षट्कर्में करावीं, इतरांनीं करूं नयेत, असें प्रदीपिकाकार स्पष्ट सांगतो. सर्वांनीं रोज नेति करावी, ही शास्त्राज्ञा नव्हे.

योगक्रिया प्रयोगानें पारखून घ्याव्या, हा पायंडा आपल्याकडे स्वामी कुवलयानंदांनीं पाडला. बदलापुराहून कर्जतमार्गें घाट चढलें कीं लोणावळें लागतें. तेथें १९२४ सालीं त्यांनीं कैवल्यधाम स्थापिलें व 'योगमीमांसा' हें नियतकालिक सुरू केलें. त्याच दृष्टीनें नेतीकडे पाहूं.

नाकाच्या आंतील त्वचेवर श्लेष्म्याचा पातळ थर असतो. धूळ व जंतु त्यांत अडकतात, आणि सूक्ष्म केसांसारखे तंतु तो थर सतत घशाकडे लोटीत असतात. सर्दींत हा थर घट्ट होतो. नेतीच्या पाण्यानें तो सैल होऊन वाहून जातो. साधें पाणी आंत झोंबतें; रक्तद्रवाइतकें खारट, म्हणजे शेंकडा सुमारें ०·९ मिठाचें पाणी झोंबत नाहीं. अर्ध्या लिटरास साडेचार ग्रॅम, म्हणजे लहान चमचाभराहून किंचित कमी मीठ पुरे.

आतां मुख्य गोष्ट. पिण्यास चांगलें तें पाणी नाकासही चांगलें, असें मानूं नये. गोड्या पाण्यांत, विशेषतः तें उबदार असल्यास, नेग्लेरिया फाउलेरी नांवाचा सूक्ष्म अमीबा असूं शकतो. तो पोटांत गेल्यानें हा रोग होत नाहीं. परंतु नाकांत शिरल्यास घ्राणतंतूंच्या वाटेनें मेंदूंत पोंचतो, आणि मग रोगी क्वचितच वांचतो. अमेरिकेंतील लुइझियाना राज्यांत २०११ सालीं दोन माणसें अशीं दगावलीं. दोघांनींही नेतीसाठीं नळाचें पाणी वापरलें होतें. असे प्रसंग विरळा घडतात, पण ते टाळण्याचा उपाय प्रत्येक चुलीवर आहे.

पाणी निदान एक मिनिट खळखळून उकळावें, झांकून कोमट होऊं द्यावें व त्यांत स्वच्छ मीठ विरघळवावें. विहिरीचें, गाळलेलें किंवा गंगेचें म्हणून उकळी चुकवूं नये. एकत्र कुटुंबांत पात्र प्रत्येकाचें निराळें असावें, आणि तें धुवून कोरडें ठेवावें. पुढें वांकून, मान कलती करून, तोंडानें श्वास घेत पाणी सावकाश सोडावें. नंतर दोन्ही नाकपुड्या मोकळ्या ठेवून हळूहळू शिंकरावें. नाक दाबून जोर केल्यास पाणी कानाकडे जातें. कान दुखत असतां, नाकांतून रक्त येत असतां, अगर नाक पुरतें चोंदलें असतां ही क्रिया करूं नये. लहान मुलांस तर वैद्यास विचारल्यावांचून देऊंच नये.

सोंवळ्याचें पाणी वेगळें भरून ठेवण्याची शिस्त आपल्या घरांस नवी नाहीं. तीच शिस्त नेतीच्या पाण्यास लावावी, आणि तें रोज नवें उकळावें.